कैफियतीचा रकाना

सरकारी नोकरीत माझे निम्मे आयुष्य नोंदवह्यांत गेले. विज्ञानाची पदवी घेऊन १९८३ साली मी तेव्हाच्या आंध्र प्रदेश शासनात सांख्यिकीच्या कामावर रुजू झालो आणि २०१८ साली तेलंगण शासनातून निवृत्त झालो. मधल्या काळात तालुक्यांची मंडले झाली, टंकलेखन यंत्रे जाऊन संगणक आले, राज्यसुद्धा बदलले. पण कामाचे स्वरूप बदलले नाही. दुसऱ्यांनी मोजलेले आकडे गोळा करायचे आणि त्यांतून नवे आकडे काढायचे, एवढेच ते काम. मोजणारा उन्हापावसात उभा असे, आम्ही पंख्याखाली. मोजणाऱ्याचे नाव कोणी लक्षात ठेवत नसे. आम्ही काढलेला आकडा मात्र सचिवालयापर्यंत जाई.

माझी पहिली नेमणूक आदिलाबाद जिल्ह्यातली. तेथील कचेऱ्यांच्या आवारात पर्जन्यमापक असे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता एखादा कारकून त्यातील पाणी मोजून वहीत टिपत असे. महिनाअखेर त्या वह्यांच्या नकला माझ्याकडे येत व मी जिल्ह्याची सरासरी काढीत असे. एकदा श्रावणात एका ठिकाणचा दिवसाचा पाऊस शून्य लिहून आला होता. मी शून्य धरले, बेरीज केली, भागाकार केला आणि तक्ता साहेबांपुढे ठेवला. साहेब जुन्या वळणाचे, उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकलेले. त्यांनी तक्ता पाहिला, शेजारच्या ठिकाणांचे साठ-सत्तर मिलिमीटरचे आकडे पाहिले आणि मूळ वही मागवली. शून्यासमोरच्या शेवटच्या रकान्यात कारकुनाने बारीक तेलुगू अक्षरांत लिहिले होते की रात्री मोठा पाऊस झाला, पण मापकाचे नरसाळे पाल्याने तुंबले होते, म्हणून बाटलीत पाणी उतरले नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि इतकेच म्हटले, "आकडा तो लाये मियाँ, कैफियत किधर है?"

निजामी अमदानीतल्या उर्दू नोंदवह्यांत शेऱ्याच्या रकान्याला 'कैफियत' म्हणत. साहेब तोच शब्द शेवटपर्यंत वापरत राहिले. आपल्या मराठीत कैफियत म्हणजे एखाद्याने आपली बाजू मांडणे. हे दोन अर्थ किती जवळचे आहेत, हे मला तेव्हा उमगले नाही. ते उमगायला चाळीस वर्षे आणि एका गरीब माणसाचा अपमान व्हावा लागला. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा यांतला भेद आपण हैदराबादकरांनी तरी जाणून घ्यायला हवा, कारण आपल्या शहराचे भवितव्य त्यावर अवलंबून असते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला आलेल्या महापुराच्या कथा आपल्यापैकी बहुतेक घरांत पणजीपासून चालत आल्या आहेत. अफजलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील ज्या चिंचेने दीडशेच्या आसपास माणसांना आपल्या फांद्यांवर तारले, ती चिंच दाखवायला माझे आजोबा मला मुद्दाम घेऊन गेले होते. त्या पुरानंतर सर विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. आपल्या पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवून नावाजलेले हेच ते अभियंते. शहरातून वाहून गेलेल्या त्या पुराचा सर्वोच्च प्रवाह सुमारे सव्वाचार लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट, होता असे सांगितले जाते. आता, असा पूर यंत्र लावून कोण मोजणार? पाणी ओसरल्यावर भिंतींवर ओलीची रेघ उरते. ती रेघ, नदीच्या पात्राचा छेद आणि उतार यांवरून गणिताने प्रवाह काढतात. जी वस्तू कोणी मोजली नाही, तिचा आकडा असा मिळतो, आणि अशा आकड्यांच्या भरवशावर धरणे बांधली जातात. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला.

या दोन्ही जलाशयांत आज किती पाणी येते आहे, हे पावसाळ्यात आपण बातम्यांत ऐकतो. तोही आकडा काढलेलाच. जलाशयावर मोजतात ती पातळी. हिमायतसागरची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १७६३.५० फूट, उस्मानसागरची १७९० फूट. पातळीवरून कोष्टकात पाहून साठा कळतो. या तासाचा साठा आणि मागच्या तासाचा साठा यांतील फरकात दरवाज्यांतून सोडलेले पाणी मिळवले की येणारा प्रवाह हाती येतो. हे कोष्टकही एका विशिष्ट वर्षीच्या तळाचे असते. गाळ साचत जातो तसे ते हळूहळू खोटे पडू लागते.

शिवाय एक गंमत आहे, ती आकड्यांनीच सांगतो. समजा, जलाशयाचे पाणी वीस चौरस किलोमीटर पसरले आहे. वाऱ्याच्या लाटेमुळे पातळीच्या नोंदीत अवघी एक सेंटिमीटर चूक झाली, तर साठ्यात दोन लाख घनमीटरांची चूक होते. तासाच्या हिशेबात हाच आकडा जवळजवळ दोन हजार क्युसेकच्या पुरासारखा दिसतो. आणि तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी नोंद घेऊन हिशेब केला, तर तीच लाट पावणेआठ हजार क्युसेकहून मोठी दिसू लागते! नोंदी वाढल्या म्हणजे ज्ञान वाढतेच असे नव्हे. पुष्कळदा लाटच मोठी होते. म्हणून जाणकार अभियंता एका नोंदीवर विसंबत नाही, चार नोंदींची सरासरी घेतो आणि काठावरच्या माणसाला फोन करून विचारतो, "वारा आहे का हो?" २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस दोन्ही जलाशयांतून पाणी सोडल्यानंतर मुशी महात्मा गांधी बस स्थानकात शिरली. त्या रात्री गौलीगुड्याला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाचा फोन आला, "दादा, अजून किती येणार?" मी दूरचित्रवाणीवरचे आकडे सांगत होतो आणि मनात म्हणत होतो की या आकड्यामागे कोणीतरी पाण्याकडे डोळ्यांनी पाहत असेल, तर बरे.

असे मनात येण्याला माझा स्वतःचा अनुभव कारण होता. आता त्याकडे वळतो.

निवृत्तीनंतर रिकामपण खाऊ लागले, तेव्हा पुण्याला असलेल्या मुलीने मला पायथन नावाची संगणकीय भाषा शिकवायला घेतली. "बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच केले आहे, आता फक्त कारकून यंत्र असेल," असे ती म्हणाली. फोनवरून ती सांगे, मी वहीत उतरवून घेई. सहा महिन्यांत मला लहानसहान स्क्रिप्ट लिहिता येऊ लागल्या. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेली कामांची यादी: ही नोंद घे, तीतून ही वजा कर, याने गुण, येथे लिहून ठेव. जे काम करण्यात माझा महिना जाई ते निमिषात होताना पाहून मला अननुभूत आनंद झाला, आणि थोडा मदही चढला, हे कबूल केले पाहिजे.

आम्ही बरकतपुऱ्यात सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात आमची बोअर आटली आणि टँकर मागवावे लागले. पाण्याचा हिशेब ठेवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत, झाकणाखाली, आम्ही एक स्वस्तातला सेन्सर बसवला. तो ध्वनीचा सूक्ष्म ठोका पाण्यावर सोडतो, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते पाहतो आणि पाणी किती खाली आहे ते सांगतो. दर पाच मिनिटांनी एक नोंद. त्या एका आकड्यातून माझी स्क्रिप्ट नवे आकडे काढी: टाकीत लिटर किती, ताशी वापर किती, पंप किती वेळ चालला, पाणी किती दिवस पुरेल. हे सारे न मोजताच मिळत होते. त्यात मी एक रकाना आणखी घातला. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत पंप बंद, सारे झोपलेले. त्या वेळात पातळी किती उतरते ते पाहायचे. नाव दिले 'रात्रीची तूट'.

तूट रोज निघू लागली. दोनशे तीस लिटर, दोनशे पन्नास, दोनशे चाळीस. गळती शोधण्यासाठी प्लंबर बोलावला. त्याने नळ, जोड, वाहिन्या सारे पाहिले, थेंब सापडला नाही. मग कोणाच्या तरी लक्षात आले की जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या आमच्या वॉचमनकडे दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे आणि गच्चीची किल्लीही त्याच्याच कमरेला असते. टँकरच्या दिवसांत पाण्याला भाव होता. अडीचशे लिटर आणि दोनशे लिटरचा ड्रम! हिशेब कसा चपखल बसला. चपखल बसलेल्या हिशेबासारखी फसवी वस्तू दुसरी नाही, हे मी कनिष्ठांना नोकरीभर सांगत आलो होतो.

मासिक सभेत मी तीन आठवड्यांचा आलेख छापून नेला. 'चोरी' हा शब्द मी उच्चारला नाही, एवढे मात्र खरे. मी 'तूट' म्हणालो. पण सभा संपेपर्यंत तुटीची चोरी झाली होती आणि मी तो शब्द दुरुस्त केला नाही. वॉचमनला बोलावण्यात आले. तो नारायणपेठकडचा, चाळिशीतला, अबोल माणूस. कागद त्याच्यापुढे धरला. त्याला आलेख वाचता येत नव्हता. "साब, मैं नै लिया पानी," असे तो एकदाच म्हणाला. कोणी काही विचारले नाही. गच्चीची किल्ली काढून घ्यावी, असे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको तो निळा ड्रम आडवा करून फाटकाबाहेर लोटत नेताना मला दिसली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी मेव्हण्याच्या लग्नासाठी ते कुटुंब गावी गेले. गच्चीची किल्ली माझ्याकडे, जिन्याखाली कुलूप, ड्रम नाही. आणि सकाळी स्क्रिप्टने लिहिले: रात्रीची तूट दोनशे पंचेचाळीस लिटर.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो. त्या रात्री अकरा वाजता बांबूची काठी घेऊन गच्चीवर गेलो, झाकण सरकवले, काठी तळाला टेकवली आणि ओलीची खूण खडूने आखली. पहाटे पाचला पुन्हा गेलो. पाणी खुणेपासून बोटभरही हलले नव्हते. संगणक मात्र सांगत होता की दोन सेंटिमीटर उतरले.

उलगडा व्हायला आणखी दोन दिवस लागले, आणि तो झाला शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रातून. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. अडतीस अंशांना तो सेकंदाला सुमारे ३५४ मीटर, तर अठ्ठावीस अंशांना ३४८ मीटर असतो. मे महिन्यात रात्री अकरा वाजता आमच्या टाकीचे सिमेंट तापलेलेच असे. पहाटेपर्यंत आतली हवा दहा अंशांनी निवे. ध्वनी मंदावे, प्रतिध्वनी उशिरा येई आणि सेन्सर समजे की पाणी लांब गेले. पाण्यावरची पोकळी सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे फरक दोन सेंटिमीटरांचा. टाकीचे क्षेत्रफळ बारा चौरस मीटर, म्हणजे दोनशे चाळीस लिटर. दिवसा हवा तापली की हेच पाणी 'परत' येत असे, पण तेव्हा पंप आणि नळ चालू असल्याने ते कोणाच्या ध्यानात येत नव्हते. आमचे पाणी कोणी नेले नव्हते. पहाटेचा गारवा मी लिटरमध्ये मोजत होतो.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की ज्याला मी मोजलेला आकडा समजत होतो, तोही काढलेलाच होता. सेन्सरने मोजला होता तो वेळ. अंतर त्याने काढले होते, आणि काढताना ध्वनीचा एक ठरावीक वेग गृहीत धरला होता. ते गृहीतक कोणत्याही रकान्यात लिहिलेले नव्हते. त्याच्यावर मी पातळी रचली, पातळीवर लिटर, लिटरांवर तूट आणि तुटीवर एक माणूस.

अशा फसगतीवर उपाय काय, याचा धडाही आपल्याच शहरात आहे. प्रगतीनगरच्या बाजूला 'इन्कॉइस' ही सागरी माहिती सेवेची राष्ट्रीय संस्था १९९९ पासून आहे. 'आर्गो' नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील हिंदी महासागराच्या नोंदींचे काम तेथे चालते. जगभरच्या समुद्रांत असे सुमारे चार हजार तरंगते सेन्सर सोडलेले आहेत. ते दोन हजार मीटर खोल बुडी मारून साधारण दहा दिवसांनी वर येतात आणि उपग्रहामार्फत आपल्या नोंदी पाठवतात. पाण्याची क्षारता ते थेट मोजत नाहीत. मोजतात ती पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब. क्षारता त्यांतून गणिताने काढतात. वर्षानुवर्षे समुद्रात राहून सेन्सर बिघडत जातो आणि क्षारता चुकू लागते. मग आसपासच्या विश्वसनीय नोंदींशी ताडून ती सुधारतात. पण सुधारताना मूळ नोंद पुसत नाहीत. मूळ आकडा एका रकान्यात, सुधारलेला त्याच्या शेजारी, आणि सोबत प्रत्येकाच्या विश्वासार्हतेची खूण. उद्या सुधारणाच चुकली असे ठरले, तर पुन्हा मुळापर्यंत जाता यावे म्हणून. हे वाचले तेव्हा मला साहेबांची आठवण झाली. सरकारी वहीत खाडाखोड करायची नाही, चुकलेल्या आकड्यावर तो वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून वर सही करायची, हा नियम त्यांनीच आम्हाला घालून दिला होता.

मग मी माझी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. टाकीत तापमानाचा एक सेन्सर बसवला. प्रतिध्वनीला लागलेला मूळ वेळ आता पहिल्या रकान्यात जसाच्या तसा राहतो, तापमान दुसऱ्यात, काढलेले सारे त्यांच्यापुढे. रात्रीची तूट चार-सहा लिटरांवर आली, आणि तेवढी सेन्सरच्या थरथरीत खपून जाते.

स्क्रिप्ट दुरुस्त करणे सोपे होते. पुढच्या सभेत मी उभा राहून सांगितले की चूक माझी होती, पाणी कोणीही नेले नव्हते. थोडी कुजबुज झाली. एक शेजारी नंतर जिन्यात म्हणाले, "अहो साहेब, वॉचमनसाठी एवढे कशाला मनाला लावून घेता?" किल्ली परत देण्याचे ठरले. ती घेऊन मी संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीपाशी गेलो. तो बाहेर येऊन उभा राहिला. मी जमेल तसे समजावून सांगितले: ऊन, हवा, आवाज, माझी चूक. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "साब, उस दिन आप मेरेकू पूछेच नै. सीधा कागज दिखाये."

मला उत्तर सुचले नाही. साहेबांच्या खोलीत, पंख्याखाली, तोच प्रश्न मला एकदा विचारला गेला होता.

त्याला विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते? हे मी नंतर विचारलेच. तो म्हणाला की रात्री एक वाजता तो फेरीला गच्चीवर जातो, तेव्हा टाकीच्या उतारनळीला हात लावून पाहतो. पाणी वाहत असेल तर नळी थरथरते. त्या उन्हाळ्यात ती एकाही रात्री थरथरली नव्हती. जे कळायला मला काठी, खडू आणि ध्वनीचे शास्त्र लागले, ते त्याच्या तळहाताला आधीच ठाऊक होते. पण माझ्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

आता तो आहे. गच्चीच्या दारामागे एक जाड पुठ्ठ्याची वही टांगली आहे. दर रविवारी वॉचमन काठीने पाणी मोजतो आणि आकडा लिहितो. शेवटच्या रकान्यात काही सांगण्यासारखे असेल तर तेही तेलुगूत लिहितो. सोमवारी सकाळी मी ती वही वाचतो आणि मगच संगणक उघडतो. वॉचमनचा पगार समितीने यंदा वाढवला. निळा ड्रम मात्र पुन्हा कधी दिसला नाही; त्याविषयी मी विचारले नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही.

गेल्या महिन्यात एका रात्री आलेख एकाएकी हातभर वर उडाला, जणू कोणी टाकीत टँकर रिता केला असावा. स्क्रिप्टने इमानेइतबारे नवे लिटर, नवे दिवस, सारे काढून ठेवले होते. मी वही उघडली. कैफियतीच्या रकान्यात त्याच्या ठसठशीत अक्षरांत तीन शब्द होते: 'कोति मूत तीसिंदि.' माकडाने झाकण काढले. झाकणाबरोबर सेन्सरही वाकडा झाला होता.

ती रात्र मी बेरजेत धरली नाही. आकडा मात्र आहे तसाच ठेवला आहे, त्यावर एक आडवी रेघ मारून.